खोडलेलं दिसलं पाहिजे



मी बडोद्याहून बोलतोय. जन्म इथलाच, वाढलोही इथेच. घरी मराठी, गल्लीत गुजराती, शाळेत हिंदी आणि ऑफिसात इंग्रजी. तुमच्यापैकी इंदूर, हैदराबाद, बंगळुरू, दिल्ली अशा गावी राहणाऱ्यांना ही चौकडी ओळखीची असेल. पोटापाण्यासाठी मी वेबसाइट बनवतो. २००९ पासून हेच चाललंय.

आजचा विषय आहे जावास्क्रिप्ट आणि साइड प्रोजेक्ट. साइड प्रोजेक्ट म्हणजे नोकरीबाहेर, कोणी न सांगता, पैसे न घेता केलेलं काम. माझ्या लॅपटॉपवर अशा कामांचे एकतीस फोल्डर आहेत. त्यांतले तीस अर्धवट आहेत. त्यात घरखर्चाची वही आहे, क्रिकेटचा धावफलक आहे, रोज सकाळी पाणी कधी येणार ते सांगणारं काहीतरी आहे. आज मी उरलेल्या एकाबद्दल बोलणार आहे. तो चालू आहे, लोक वापरतात. पण मध्ये एकदा मी स्वतःच्या हाताने तो बुडवला होता, आणि त्याच्याबरोबर दुसऱ्या एका माणसाचे दोन हिवाळेही. ते आधी कबूल करतो आणि मग बाकीचं सांगतो.

आमच्याकडे एका मराठी मंडळाचं छोटं वाचनालय आहे. दोन खोल्या, अकरा कपाटं, साडेसहा हजारांच्या आसपास पुस्तकं. बडोद्याला वाचनालयांचं वेड जुनंच. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बोर्डन नावाचा ग्रंथपाल थेट अमेरिकेहून बोलावला होता आणि संस्थानभर सार्वजनिक वाचनालयं उभी केली होती. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून ती खेड्यापाड्यांत पाठवली जायची. तेव्हा आमच्या गावात पुस्तकांची नोंद हा नाजूक विषय आहे, एवढं ध्यानात ठेवा.

२०१२ साली वडिलांनी मला मुदत उलटून गेलेली तीन पुस्तकं परत द्यायला पाठवलं. ग्रंथपाल काकांनी दंड घेतला, पावती फाडली आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाला ना? मग ही फाइल उघडून दे. दोन वर्षं झाली, उघडतच नाही."

फाइल उघडत होती. वाचता येत नव्हती. २००३ मध्ये कोणा स्वयंसेवकाने सगळी पुस्तकयादी टाइप केली होती, त्या काळच्या एका मराठी फाँटमध्ये. ते फाँट म्हणजे एक गोड फसवणूक होती. संगणकाच्या लेखी तुम्ही इंग्रजी अक्षरंच टाइप करत होता, फाँट फक्त त्या अक्षरांवर मराठीचे मुखवटे चढवायचा. जुना संगणक गेला, त्याच्याबरोबर फाँट गेला आणि मुखवटे उतरले. पडद्यावर उरल्या निरर्थक इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या ओळी.

मी म्हटलं, एका रविवारचं काम आहे. (तुमच्यात कोणी प्रोग्रामर असेल तर तो आत्ता हसला असेल.)

स्क्रिप्ट म्हणजे छोटा प्रोग्राम, एखादं कंटाळवाणं काम आपल्याऐवजी करणारा. मी ती जावास्क्रिप्टमध्ये लिहायला घेतली. या भाषेची जन्मकथा मोठी गमतीची आहे. १९९५ च्या मे महिन्यात नेटस्केप कंपनीतल्या ब्रेंडन आइक यांनी तिचा पहिला आराखडा दहा दिवसांत उभा केला. आधी तिचं नाव मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट, मग जावास्क्रिप्ट. काम एवढंच, की ब्राउझरमधली पानं जरा हलती-बोलती व्हावीत. पुढे २००९ मध्ये रायन डाल यांनी नोड आणलं आणि ही भाषा ब्राउझरच्या बाहेर पडून फाइली वाचायला-लिहायला लागली. मी ब्राउझरसाठी जे शिकलो होतो, त्याच्याच जोरावर आता काकांची फाइल दुरुस्त करता येणार होती.

पहिला भाग सोपा होता. या चिन्हाच्या जागी हे अक्षर, अशी यादी बनवायची आणि बदलत जायचं. अडचण पुढे आली. त्या फाँटमध्ये अक्षरं डोळ्याला दिसतात त्या क्रमाने साठवलेली होती. 'किती' लिहिताना पहिली वेलांटी 'क'च्या डावीकडे दिसते, म्हणून ती आधी टाइप केलेली. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर दिसतो, म्हणून तो नंतर टाइप केलेला. युनिकोडमध्ये मात्र आपण उच्चारतो तो क्रम लागतो. आधी 'क', मग वेलांटी. आधी अर्धा 'र', मग पुढचं अक्षर. म्हणजे प्रत्येक पहिली वेलांटी उचलून पुढे न्यायची आणि प्रत्येक रफार उचलून मागे.

मी रफार एकच घर मागे नेला. 'सर्व' बरोबर आलं, 'धर्म' बरोबर आलं, मी खूश. मग आला शब्द 'मूर्ती'. तिथे रफाराला 'त' आणि त्याची वेलांटी अशी दोन घरं ओलांडायची होती. तो मध्येच अडकला आणि धार्मिक विभागातल्या एका पुस्तकाच्या नावात 'मूत' एवढंच धड वाचता येऊ लागलं. काका माझ्या मागेच उभे होते. ते काही बोलले नाहीत. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "मी वाचतो, तू दुरुस्त कर."

एका रविवारचं काम सात रविवार चाललं. पण शेवटी साडेपाच हजार ओळी शुद्ध मराठीत उभ्या राहिल्या. त्या दिवशी काकांनी बाहेरून चहा आणि शेव-उसळ मागवली. आयुष्यात मला पगारवाढीची पत्रं आली आहेत, त्यांतल्या एकालाही त्या शेव-उसळीची चव नव्हती.

इथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण आम्हा लोकांना थांबता येत नाही.

त्या यादीवर मी एक शोधपान बनवलं. नाव टाका, पुस्तक दाखवा. २०१२ साली हे करायला जेक्वेरी वापरायची, म्हणून जेक्वेरी वापरली. २०१४ मध्ये सगळे अँग्युलरजेएसबद्दल बोलू लागले, म्हणून मी अख्खं पान त्यात पुन्हा लिहिलं. मग २०१६ मध्ये अँग्युलरची दुसरी आवृत्ती आली, आणि ती इतकी वेगळी निघाली की जुना कोड तसाच पुढे नेता येईना. २०१८ मध्ये मी तेच पान रिॲक्टमध्ये लिहायला घेतलं. सहा वर्षांत एकच पान तिसऱ्यांदा. दर वेळी मी काकांना उत्साहाने दाखवायचो आणि ते दर वेळी एकच विचारायचे, "याने पुस्तक लवकर सापडतं का?"

खरं उत्तर होतं, नाही. तेवढ्याच वेळात सापडतं. पण मी म्हणायचो, "काका, आतून खूप सुधारलंय."

शिकण्यासाठी पुन्हा लिहिण्यात पाप नाही, हेही सांगतो. मला नोकरीत जे येतं त्यातलं अर्धं मी या पानावर शिकलो. फक्त शिकतोय मी आणि जोखीम कोणाची, हे विचारायला हवं होतं. ते मी विचारलं नाही.

२०१८ च्या त्या तिसऱ्या फेरीत मी यादी 'स्वच्छ' करायचं ठरवलं. एकाच पुस्तकाच्या दोन-दोन, तीन-तीन नोंदी दिसत होत्या. शीर्षक तेच, लेखक तोच. मी सतरा ओळींची स्क्रिप्ट लिहिली. शीर्षक आणि लेखक जुळले तर पहिली नोंद ठेव, बाकीच्या काढून टाक. चालवली. दोन सेकंदांत तीनशे चाळीस नोंदी गेल्या. मला फार छान वाटलं. घर झाडल्यावर वाटतं तसं.

तीन महिन्यांनी नागपूरहून एक बाई आल्या, साठीच्या पुढच्या. त्यांचे वडील बडोद्याला रेल्वेत होते. निवृत्त होऊन परत जाताना त्यांनी आपल्या पुस्तकांतली काही वाचनालयाला भेट दिली होती. त्यांत आचार्य अत्र्यांच्या 'कऱ्हेचे पाणी' या आत्मचरित्राचे चार खंड होते. वडील नुकतेच गेले होते. बाईंना पुस्तकं परत नको होती. फक्त एकदा हातात घ्यायची होती, पहिल्या पानावरचं अक्षर बघायचं होतं.

योगायोगाने मी तिथेच होतो. मी ऐटीत नाव टाइप केलं. पडद्यावर एकच नोंद आली, खंड पहिला, आणि देणगीदाराच्या रकान्यात दुसऱ्याच कोणाचं तरी नाव.

तुमच्या लक्षात आलं असेल. खंड क्रमांक वेगळ्या रकान्यात होता. माझ्या स्क्रिप्टने तो पाहिलाच नव्हता. सगळ्या खंडांचं शीर्षक एक, लेखक एक, म्हणून तिच्या लेखी ते एकच पुस्तक. त्यात वाचनालयात आधीपासून दुसऱ्या कोणी दिलेला पहिला खंड होता, त्याची नोंद यादीत वर होती. ती राहिली आणि या बाईंच्या वडिलांचे चारही खंड पुसले गेले. असंच सगळ्या बहुखंडी ग्रंथांचं झालं होतं, आणि एकाच पुस्तकाच्या वेगवेगळ्या लोकांनी दिलेल्या प्रतींचंही.

तुम्ही म्हणाल, बॅकअप? होता की. रोज रात्री आपोआप घेतला जायचा. ती स्क्रिप्टही माझीच. जागा वाचावी म्हणून ती शेवटच्या सात प्रती ठेवायची आणि जुन्या काढून टाकायची. तीन महिन्यांनंतर त्या सातही प्रती चुकीच्याच होत्या. चूक मी अगदी नियमितपणे, रोज रात्री जपून ठेवत होतो.

२००३ ची मूळ फाइल माझ्याकडे होती. पण तिच्यात देणगीदाराचा रकानाच नव्हता. ती नावं नंतर भरली होती, आणि भरली होती काकांनी. वयाच्या सत्तरीत माउस धरायला शिकून, दोन हिवाळे, रोज संध्याकाळी एकेक कार्ड बघून. कोणी कोणाच्या स्मरणार्थ काय दिलं, ते.

काकांनी बाईंना पाणी दिलं. किल्ली घेतली, मागच्या खोलीत गेले. तिथे लाकडी खणांत जुनी हस्तलिखित कार्डं होती. ती रद्दीत द्या, असं मी त्यांना किमान तीनदा सांगितलं होतं. म्हटलं होतं, "काका, आता सगळं कॉम्प्युटरवर आहे, जागा तरी मोकळी होईल." ते दर वेळी "बघू" म्हणाले होते. त्यांनी कार्ड काढलं, दाखल क्रमांक पाहिला, कपाटाशी गेले. तीन खंड जागेवर होते. चौथा कोणीतरी वाचायला नेला होता. कोणी, ते कळायला मार्ग नव्हता, कारण नोंद पुसल्यापासून तो खंड देण्याघेण्याच्या यादीतच नव्हता. तो खंड अजून परत आलेला नाही.

बाई खिडकीजवळ बसून पहिलं पान बघत होत्या. मी पडद्याकडे बघत होतो, कारण दुसरीकडे कुठे बघायची हिंमत नव्हती.

त्या गेल्यावर मी काकांची माफी मागितली. ते रागावले नाहीत. रागावले असते तर सोपं झालं असतं. हातातलं कार्ड त्यांनी माझ्यासमोर धरलं. त्यावर एका देणगीदाराचा पत्ता खोडून नवा लिहिला होता, तोही खोडून तिसरा. म्हणाले, "हे बघ बाळा, कार्डावर खोडलं तरी खालचं वाचता येतं. तुझ्या यंत्रात खोडलेलं दिसत का नाही?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. यंत्रात खोडलेलं दिसू शकतं. मीच तशी सोय केली नव्हती.

पुढचे आठ रविवार आम्ही पुन्हा समोरासमोर बसलो. काका कार्ड वाचायचे, मी टाइप करायचो. त्या आठ रविवारांत मी माझ्या धंद्याबद्दल जे शिकलो, ते आता थोडक्यात सांगतो.

एक. आता त्या यादीतून काहीही पुसलं जात नाही. नोंद रद्द करायची असेल तर तिच्यापुढे 'रद्द', तारीख आणि कारण लिहिलं जातं. नोंद तिथेच राहते, फक्त शोधात येत नाही. यादी एका साध्या मजकुराच्या फाइलीत आहे, एका ओळीत एक पुस्तक. ती उघडायला माझा प्रोग्राम लागत नाही, माझीही गरज नाही. त्या फाइलीतला प्रत्येक बदल गिट नावाच्या साधनात नोंदला जातो. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये ते लिनक्सच्या कामासाठी बनवलं. कोणती ओळ कधी, कोणी, का बदलली हे ते सांगतं. काकांच्या कार्डासारखंच, खोडलेलं दाखवतं. नोकरीत मी ते रोज वापरत होतो, पण माझ्या कोडसाठी. काकांच्या नोंदी त्यात ठेवाव्यात हे सुचलंच नव्हतं. माझं लिखाण मौल्यवान, त्यांचा डेटा म्हणजे नुसता डेटा, असं मनात कुठेतरी होतं.

दोन. डेटा बदलणारी कोणतीही स्क्रिप्ट मी आता आधी कोरडी चालवतो. म्हणजे ती काही बदलत नाही, काय बदलणार आहे ते फक्त छापून दाखवते. तो कागद मी वाचनालयात वाचायला देतो. त्या तीनशे चाळीस ओळी काकांनी पाहिल्या असत्या, तर चौथ्या ओळीवर त्यांनी मला थांबवलं असतं.

तीन. पान मी चौथ्यांदा लिहिलं, आणि शेवटचं. यात रिॲक्ट नाही, अँग्युलर नाही, काहीच नाही. एक फाइल, साधी जावास्क्रिप्ट, तीनशेच्या आसपास ओळी. बाहेरून आणलेला एकही तुकडा नाही. २०१६ च्या मार्चमध्ये काय झालं होतं आठवतं? लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं एक पॅकेज त्याच्या लेखकाने वादातून एनपीएमवरून काढून घेतलं आणि त्याच्यावर अवलंबून असलेले जगभरातले प्रकल्प बिल्ड होईनासे झाले. शब्दाच्या डाव्या बाजूला रिकाम्या जागा भरणं एवढंच त्याचं काम. नंतर २०१७ च्या प्रमाणकात ही सोय भाषेतच आली. आपण दुसऱ्याच्या अंगणातून किती काय उचलून आणतो, ते त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

उलट, मूळ भाषा आणि ब्राउझर फार सांभाळून पुढे जातात. २०१८ मध्ये जावास्क्रिप्टला एक नवी सोय द्यायची होती, तिचं नाव ठरत होतं 'फ्लॅटन'. तेव्हा लक्षात आलं, की मूटूल्स नावाच्या जुन्या लायब्ररीत याच नावाचं काहीतरी आहे आणि नवं नाव आलं तर त्यावर चालणाऱ्या काही जुन्या साइट मोडतील. मग नव्या सोयीचंच नाव बदलून 'फ्लॅट' ठेवलं. कोणीतरी कधीतरी बनवलेल्या जुन्या पानांसाठी अख्ख्या भाषेने वाट वाकडी केली. मला हे काकांच्या वळणाचं वाटतं.

आता जरा मराठीकडे येतो. या व्याख्यानाच्या निमित्ताने तुम्ही घरी करून बघावं असं काहीतरी द्यायचंय. संगणकावर ब्राउझर उघडा, एफ-बारा दाबा, कन्सोल उघडा. अवतरणचिन्हांत 'नमस्ते' लिहा आणि त्याची लेंग्थ विचारा. उत्तर येईल ६. आपण बोलताना म्हणतो न, म, स्ते. तीन. जावास्क्रिप्ट मोजते न, म, स, हलन्ताचं चिन्ह, त आणि मात्रा. 'क्षत्रिय'ची लांबी येते ८. म्हणून काही वेबसाइटवर तुमचं नाव मध्येच कापलं जातं आणि शेवटी लोंबता पाय दिसतो. मराठी बिघडलेली नसते, मोजणाऱ्याने माप चुकीचं घेतलेलं असतं. आता इंटल सेगमेंटर नावाची सोय सगळ्या मुख्य ब्राउझरांत आहे, ती आपल्या डोळ्याला दिसणारी अक्षरं मोजायचा प्रयत्न करते. २०२३ च्या युनिकोडपासून जोडाक्षर अखंड धरण्याचा नियमही आला आहे.

क्रमवारीचं तसंच. साधी सॉर्ट वापरली तर दाखल क्रमांक १० हा ९ च्या आधी येतो, कारण ती आकड्यांना शब्द समजते. आणि 'ळ' येतो 'ल'च्या लगेच नंतर, कारण युनिकोडच्या तक्त्यात तो तिथे बसवलाय. म्हणजे कालवा, काळजी, कावळा, कासव. पण आपल्या शब्दकोशात 'ळ' येतो 'ह'च्या नंतर. कालवा, कावळा, कासव आणि शेवटी काळजी. मराठी हा संकेत देऊन इंटल कोलेटर वापरा, मग काळजी आपल्या जागी जाते. काकांनी ही चूक पहिल्याच दिवशी पकडली होती. मी सहा वर्षं म्हणत होतो, "कॉम्प्युटरचा क्रम असाच असतो काका." तो तसा नसतो. मी शोधलं नव्हतं, एवढंच.

आणि शोध. 'कऱ्हेचे पाणी' मधला तो 'ऱ्ह' दोन प्रकारे टाइप करता येतो. एकात नुक्त्याचा 'र' असतो, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. दिसायला दोन्ही हुबेहूब, संगणकाला दोन्ही परके. 'ॲ'चंही तेच. युनिकोडमध्ये हे अक्षर स्वतंत्रपणे आलं २००८ मध्ये, त्याआधी लोक 'अ'वर चंद्र चढवायचे. अजूनही काही कीबोर्ड तसंच करतात. त्यातून 'ययाति' की 'ययाती' हा आपला जुना वाद आहेच. म्हणून शोधताना मी दोन्ही बाजू एका साच्यात आणतो. ऱ्हस्व-दीर्घ एक, दोन्ही 'ऱ्ह' एक. पण हे फक्त शोधण्यापुरतं. साठवलेल्या नोंदीला हात लावत नाही. ती ज्याने जशी लिहिली तशीच राहते. एकदा पोळलंय.

शेवटची गोष्ट आमच्या बडोद्याची. आमच्याकडच्या बऱ्याच मुलांना मराठी बोलता येतं, पण मोबाइलवर त्यांचा हात गुजराती कीबोर्डवर बसलेला. ती पुस्तकाचं मराठी नाव गुजराती लिपीत टाइप करतात. आता गंमत बघा. भारतीय लिप्यांसाठी आपल्याकडे इस्की नावाचं प्रमाणक होतं. त्यात सगळ्या लिप्यांचा 'क' एकाच जागी, 'ख' एकाच जागी. युनिकोडने तीच मांडणी उचलली. त्यामुळे गुजराती 'क'चा क्रमांक आणि देवनागरी 'क'चा क्रमांक यांत फरक आहे बरोबर ३८४. 'ख'मध्येही ३८४, 'ग'मध्येही. गुजराती अक्षरातून ३८४ वजा करा, देवनागरी अक्षर हातात. एका ओळीत गुजराती शोध मराठी होतो. माझ्या अख्ख्या कोडमध्ये मला सगळ्यात आवडती ओळ हीच, आणि तिच्यामागची हुशारी माझी नाही.

काका आता घरीच असतात, नव्वदीच्या जवळ आहेत. वाचनालय सांभाळते कॉलेजात शिकणारी एक मुलगी. गेल्या वर्षी तिचा फोन आला. "दादा, गुजरातीत टाइप केलं की 'ॲ'वाली पुस्तकं येत नाहीत." बरोबर होतं तिचं. गुजरातीत त्या उच्चाराचं अक्षर आहे, पण ३८४ वजा केल्यावर ते आपल्या 'ॲ'वर येत नाही, 'ए'वर चंद्र असलेल्या 'ऍ'वर येतं. माझी आवडती ओळ तिथे चुकत होती. मी म्हटलं, रविवारी येतो. ती म्हणाली, "नको, झालं ते. फाइल वाचली, दोन ओळी घातल्या. तुमची ओळ काढली नाही, तिच्याखाली लिहिलंय का चुकत होती ते. आजोबांनी सांगितलंय, खोडलेलं दिसलं पाहिजे."

तिने जावास्क्रिप्ट कुठे शिकली, असं मी विचारलं. म्हणाली, "या फाइलीतच."

तुमच्या गावात असं एखादं मंडळ, एखादी पतपेढी, एखादी शाळा असेल. तिथे कोणाकडे तरी न उघडणारी फाइल असेल. जा, उघडून द्या. फक्त स्क्रिप्ट चालवण्याआधी शेजारी बसलेल्या माणसाला एकदा विचारा. आणि त्यांच्या कपाटातली कार्डं रद्दीत घालायला सांगू नका.